बॉम्ब सापडला त्या दिवशीच्या चकल्या

दिवाळी तोंडावर आली होती आणि ब्रिस्टलमधल्या आमच्या रस्त्यावर बॉम्ब सापडला. समोरच्यांनी घराच्या एक्स्टेन्शनसाठी मागचं गार्डन खणायला घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी टाकलेला, पण न फुटलेला बॉम्ब त्या मातीत निघाला. पोलीस दारोदार फिरून घरं रिकामी करायला सांगू लागले.

नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई तेव्हा चकलीचं पीठ मळत होत्या.

"आई, चला. कोट घाला पटकन."

"अगं, आणि हे पीठ? वाया घालवू?"

परात, सोऱ्या आणि तेलाची बाटली घेऊनच त्या निघाल्या. पोलिसानं परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि निमूट वाट दिली. शेजारच्या आजी एकट्या राहतात, त्यांनाही मी हात धरून सोबत घेतलं.

कम्युनिटी हॉलमध्ये सगळा रस्ता जमला होता. हवापाण्याच्या गप्पांपलीकडे ज्यांच्याशी कधी बोलणं झालं नव्हतं, तेसुद्धा. हॉलच्या किचनमध्ये तळण करू का, असं मी भीत भीत विचारलं. तिथल्या बाईंनी खिडक्याच उघडून दिल्या.

आजी ओट्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. बॉम्बफेक झाली तेव्हा त्या जेमतेम शाळेत जायला लागल्या होत्या.

"विमानं यायची बंदरावर, कारखान्यांवर, पण बॉम्ब पडायचे आमच्यावरही," त्या म्हणाल्या. "सायरन वाजला की आई आम्हाला जिन्याखाली बसवायची आणि लोकरीचे गुंडे करायला द्यायची. हात गुंतले की भीती कमी वाटते म्हणायची."

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाईंनी सोऱ्या सरळ आजींच्या हातात दिला.

आजींची पहिली चकली गांडुळासारखी लांबच लांब उतरली. दोघी खुदुखुदु हसत सुटल्या. चौथी मात्र छान गोल झाली, काटेसुद्धा आले.

दुपारी लांबून 'धप्प' असा आवाज आला. लष्कराच्या लोकांनी बॉम्ब मोकळ्या मैदानात नेऊन फोडला होता. आजींचा हात थबकला. सासूबाईंनी पिठाचाच हात त्यावर ठेवला. "झालं हो, झालं," त्या मराठीतच म्हणाल्या.

आजींनी मोठा श्वास घेतला. "फारच उशीर केला बाई यानं!"

हॉलभर हशा पिकला. घरी जायची परवानगी मिळाली, तरी शेवटचा घाणा निघेपर्यंत एकही माणूस हलला नाही.