बल्ब हलतोय का

आमचा सगळा संसार कोयनानगरच्या वसाहतीत झाला. इथली माणसं भूकंपाचा हादरा बसला की चपला शोधत नाहीत, थेट अंगणात पळतात. आमचे हे वीजघरात नोकरीला होते आणि आमच्या घरांच्या ओळीत बाहेर यायला सगळ्यांत पुढं. लुंगीवर उभं राहून घराघराला विचारायचे, "सगळी आली का?" कोणी मागं राहिलं असेल तर दार बडवून काढायचे.

माझी तऱ्हा वेगळीच. दुपारी डोळा लागतो न लागतो तोच पायाखालची पायरी निसटल्यासारखं होतं, आपण खोल पडतोय असं वाटतं आणि सगळं अंग उडतं. मी धडपडत दाराकडं. हे पडल्यापडल्या छताकडं बोट दाखवायचे. बल्ब स्थिर.

"जमीन न्हाई हलली, तूच हललीस. झोप."

वर हसायचे. मला असा राग यायचा! पण मनगटावर त्यांचा हात आला की झोप लागायची.

ते गेले. लेक सांगलीला बोलावतो, तिथं म्हणे जमीन हलत नाही. झटके माझे सुटले नाहीत. दोनदा अनवाणी बाहेर जाऊन उभी राहिले, ओळीत चिटपाखरू नाही. निम्म्या घरांना कुलपं. पोस्टमन माझ्याकडं बघत गेला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठरवलं, आता पळायचं नाही.

मागच्या महिन्यात परत तसंच अंग उडालं. डोळे उघडलेच नाहीत मी. आपलंच मनगट धरलं, त्यांचं वाक्य मनात म्हटलं आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

संध्याकाळी शेजारणीकडं विरजण मागायला गेले. ती म्हणाली, दुपारी लय हादरा बसला, फळीवरची भांडी वाजली, सगळी ओळ बाहेर होती. मी विचारलं, सगळी? ती गडबडली.

"आवं काकू, आमाला वाटलं तुमी सांगलीला गेलाय."

वाटी घेऊन घरी आले आणि पोटभर रडले.

आता दुपारी दार सताड उघडं ठेवते. झटका बसला की बल्बकडं बघत नाही, जमिनीचा असो नाहीतर माझा, बाहेर जाते. कालही गेले आणि त्यांच्यासारखंच मोठ्यानं विचारलं, "सगळी आली का?"

ओळीत कोणी नव्हतं. मग मीच म्हटलं, आले.