विषारी वायूचं यंत्र आणि बाबांचं नाक

आमच्या बुऱ्हाणपुरात केळी विकली जातात, कापड विकलं जातं, मावा जिलेबी तर हातोहात जाते. रासायनिक आणि जैविक हल्ला ओळखणारी यंत्रं विकायला निघालेला गावातला पहिला माणूस मीच. कंपनीनं पुण्याला बोलावून ट्रेनिंग दिलं, पडद्यावर सैनिक, विमानतळ आणि मुखवटे दाखवले, आणि या मालाचा बाजार झपाट्यानं वाढतोय असं सांगितलं. कुठे वाढतोय, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. माझ्या वाट्याला बुऱ्हाणपूर आणि खंडवा आले. सोबत एक नमुन्याचं यंत्र मिळालं, तान्ह्या मुलासारखं जपायची ताकीद देऊन.

बुधवारा बाजारातल्या केळीच्या व्यापाऱ्यानं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"ये कारबाइड पकडता क्या? केले पकाने का?"

"नाही शेठ. नर्व्ह गॅस पकडतं. युद्धातला."

त्यानं खरोखर विचार केला. "केले में वो तो कोई डालता नहीं," तो म्हणाला आणि माझ्यासाठी चहा मागवला.

एका कचेरीतल्या साहेबांनी जास्त खोलात जाऊन चौकशी केली. यंत्र वाजलं तर पुढे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साहेब, मग आपल्याला कारवाई करावी लागेल. "मग नको," ते म्हणाले. त्यांच्याकडे चहाही मिळाला नाही.

घरी वेगळंच नाटक चालू होतं. रावेरच्या मावशीचा पाय मोडला होता आणि आईला आठ दिवस तिच्याकडे जाऊन राहायचं होतं. ती निघत नव्हती याचं कारण बाबांचं नाक. बाबांची सगळी नोकरी पेपर मिलमध्ये क्लोरीनच्या आसपास गेली. त्यानं म्हणा की वयानं म्हणा, त्यांना वास येईनासा झाला होता. बाबांना चहा लागतो तासातासाला, आणि तो ते स्वतः करतात. बर्नर विझून गॅस तसाच सुटलेला आईनं किती वेळा बंद केला असेल! मी निम्मे दिवस खंडव्याकडे. मग बाबांना एकटं सोडून ती जाणार कशी?

बाबा मात्र ऐकून घ्यायला तयार नव्हते. "माझं नाक ठणठणीत आहे. तू जा बिनधास्त." मी घरगुती गॅसचा साधा अलार्म लावतो म्हटलं, तर म्हणाले, "मी मेलो की लाव."

शेवटी आईनं माझ्या यंत्राकडे मोर्चा वळवला. "हे सिलिंडरचा गॅस ओळखतं का रे?"

मी माहितीपुस्तक काढलं. त्यात कातडीवर फोड आणणारे वायू होते, श्वास कोंडणारे होते, अँथ्रॅक्स होता. स्वयंपाकाचा गॅस नव्हता. आमच्या घराच्या किमतीचं यंत्र, आणि आमच्या घरात बिनकामाचं! मला अशी चीड आली की ते पुस्तक मी कपाटावर फेकून दिलं.

आईला दुसरीच शंका आली. "याची पूजा केली होती का?"

नव्हती केली. आमच्याकडे स्कूटर असो, मिक्सर असो, पूजेशिवाय वापरत नाहीत. "बिनपूजेचं घेऊन फिरून राहिला तू, म्हणून तर कोणी घेऊन नाही राहिलं," असं म्हणत तिनं यंत्र पाटावर ठेवलं. चालू करूनच ठेव म्हणाली, देवाला कळायला पाहिजे हे काय करतं ते. कुंकू लावलं, फूल वाहिलं, उदबत्ती लावली, धूप घातला आणि कापराची आरती ओवाळली.

यंत्र जे किंचाळायला लागलं! पडद्यावर लाल अक्षरांत आलं की घरात नर्व्ह गॅस आहे, ताबडतोब बाहेर पडा. अत्तर आणि धुपानं हे यंत्र फसतं, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. ते बंद कसं करायचं तेही सांगितलं होतं, पण आता काही केल्या आठवेना. शेजारच्या भाभी धावत आल्या आणि खोकायला लागल्या. आईनं नर्व्ह गॅसला हात जोडले.

बाबा पलीकडच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून पेपर वाचत होते. धूर तिथपर्यंत पोचला होता. मान न वळवता ते ओरडले, "काय गोंधळ लावलाय? आधी पूजा करून घ्या. एक उदबत्तीसुद्धा लावली नाही अजून कोणी."

"काकाजी," भाभी म्हणाल्या, "पूरा घर कपूर से भर गया है."

बाबा वळले. त्यांनी तो धूर पाहिला, आमची तोंडं पाहिली. मला तेवढ्यात बटण सापडलं आणि यंत्र गप्प झालं. भाभी समजून निघून गेल्या.

"नाही येत मला वास," बाबा म्हणाले. "मिलमध्ये असतानाच गेला."

"मग सांगायला काय झालं होतं?" आई कडाडली.

"सांगितलं असतं तर तू घर सोडून कुठे गेली असतीस का? म्हटलं, नाक चांगलं आहे म्हणालो तर माहेरच्या माणसांत जाशील तरी."

"आणि मी इथे बसले ती तुम्ही कबूल करत नव्हते म्हणून! कबूल केलं असतं, तर अलार्म लावून निघाले असते." ती पाटाशेजारी खालीच बसली. मला दोघांचाही राग आला आणि दोघांची कीवही आली.

"लाव रे तो तुझा अलार्म," बाबा मला म्हणाले.

आईनं यंत्रावरचं फूल काढून पाटावर ठेवलं. मग हळूच म्हणाली, "ताई गेली तेव्हा तरी सांगायचं होतं."

मोठी मावशी वारली तेव्हा आई सकाळच्या बसनं गेली होती आणि संध्याकाळच्या बसनं परत आली होती. तिकडे सगळ्यांनी तिला राहा म्हटलं होतं. बाबांच्या जेवणाची सोय मी केलीच होती. ती परत आली होती ती बाबांच्या चहाच्या वेळी गॅसपाशी उभं राहायला.

बाबा उठले. त्यांनी माळ्यावरची तिची बॅग काढली, फडक्यानं पुसली आणि तिच्यासमोर ठेवली.