व्हॅलेरियनचा चढलेला आवाज

गास गावच्या व्हॅलेरियनच्या कानात ऐकायचं मशीन असायचं, पण चर्चमध्ये शिरताना तो ते काढून खिशात टाकायचा. प्रार्थनेच्या मध्येच मशीन शिट्टी मारतं आणि अख्खं चर्च मागे वळून बघतं! यंदा ईस्टरच्या आधी तो कुमसाराला, म्हणजे फादरांपाशी पापं कबूल करायला गुडघे टेकून बसला, तोही मशीनशिवाय. आपला आवाज किती चढलाय, हे बिचाऱ्याला कळणार कसं?

तसा माणूस भला. आपण बरे, आपली केळीची बाग बरी. पण एक पाप दर वर्षी त्याच्या घशात अडकायचं. रागावलो, खोटं बोललो, सगळं सांगून व्हायचं आणि तेवढं नेमकं राहायचं. मग कसली माफी नि कसलं काय! ईस्टरच्या जेवणाचा घास गोड लागत नसे. यंदा मात्र त्याने मनाचा हिय्या केला.

"फादर, वहिनीचा माड मीच मारला! नारळ माझ्या नव्या पत्र्यावर धाडधाड पडायचे. बुंध्याला भोक पाडून रॉकेल ओतलं!"

जाळीपलीकडून फादर "हळू, हळू" म्हणाले. पण ऐकतो कोण? ऐकलं ते रांगेने. आणि रांगेत पहिलीच उभी होती त्याची विधवा वहिनी, क्लेमेंटीन.

पापक्षमा घेऊन हलका होऊन उठला, तर समोर तिचा चेहरा. ती आत कुमसाराला गेली. हा बाकावर बसून राहिला. देवाने माफ केलं हो, पण वहिनीचं काय?

ती डोळे पुसत बाहेर आली आणि त्याच्या कानाशी वाकली. "चला, भावजी. रमेशकडे."

खाडीकडच्या आळीतला रमेश गावाचे नारळ पाडून द्यायचा. माड वाळला तेव्हा क्लेमेंटीननेच गावभर केलं होतं, की रमेशने कोंब तोडला, त्याचा हात लागला की झाड मरतं. लोकांनी त्याला बोलवणं सोडलं. सगळं ठाऊक असून व्हॅलेरियनने हूं की चूं केलं नव्हतं. माड मारल्यापेक्षा तेच त्याला जास्त खात होतं.

चर्चबाहेर येताच व्हॅलेरियनने मशीन पुन्हा कानात घातलं. "तुमचा राग आलाय मला," वाटेत क्लेमेंटीन म्हणाली. "तुमच्या भावाने लावलेला माड तो. पण मी तरी कुठली संत लागून गेले? बघितलं नाही, विचारलं नाही, एका माणसाच्या पोटावर पाय दिला."

रमेश पडवीत वाल सोलत होता. मशीन कानात होतं, त्यामुळे व्हॅलेरियनने खाली मान घालून सगळं पुटपुटतच सांगितलं. क्लेमेंटीननेही हात जोडले. रमेशने हातातला वाल सोलून ताटात टाकला.

"माफ करीन मी," तो म्हणाला, "पन जरा मोठ्यानं बोला. आमची सत्यवती आत चुलीपाशी हाय. तिला अजून वाटतं, माझ्याच हातून झालं."

व्हॅलेरियनने मशीन काढून खिशात टाकलं.

"सत्यवतीबाय! तो माड मी मारला! मी! रमेशने नाय!"

अख्ख्या आळीने ऐकलं. सत्यवती दारात आली. पाहुण्यांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. नवऱ्यासमोर बसली, त्याच्या पुढ्यातले वाल ओढून घेतले आणि म्हणाली, "मला माफ करा."

त्या ईस्टरला क्लेमेंटीनच्या घरी पाच जणांची पंगत बसली, रमेशचा लेक मितेश धरून. व्हॅलेरियनने दोनदा वाढून घेतलं.