ठिगळ दिसणारं पाणी

डोंगरावरच्या वस्तीत तिला सगळे पानाबाई म्हणत. नावाचा पानाफुलांशी काही संबंध नव्हता; कमरेला सदानकदा नळजोडणीचा लोखंडी पाना खोचलेला असे, म्हणून. कड्याखालचा झरा बांधून, वाळूतून गाळून ते पाणी वस्तीत आणायचं काम तिनेच अंगावर घेतलं होतं. पाइप जोडला की ती त्याला कान लावायची, डॉक्टर छाती तपासतो तशी. "खोकतोय मेला अजून," म्हणायची आणि गाळ काढायची.

शेवटी नळाला पाणी आलं. वस्ती जमली, पाणी बघितलं आणि हंडे घेऊन पुन्हा ओढ्याकडे चालू लागली!

"पाण्याला अंगच नाही गं," शेजारीण म्हणाली. "ओढ्याचं प्यायलं की पोटात काहीतरी गेल्यासारखं वाटतं."

"जंत जातात, दुसरं काय!"

पण खरं घोडं पानाबाईच्या सासूबाईंपाशी अडलं होतं; वस्तीत त्यांचाच शब्द चाले. त्या प्यायल्याशिवाय कुणी घोट घेणार नव्हतं. त्या म्हणत, "आधी हिला चहा जमू दे, मग पाणी बघू." इकडे पानाबाईची पोर जुलाबाने पुन्हा अंथरुणाला खिळलेली, आणि आजी मायेने तिला ओढ्याचंच पाणी पाजतेय!

सकाळी पानाबाईने सासूबाईंचं थोरलं पातेलं नळावर भरलं, चुलीपाशी ठेवलं आणि दाराआड उभी राहिली.

सासूबाई आत डोकावल्या. बुडाला त्यांच्या नवऱ्याने पूर्वी ठोकलेलं ठिगळ लख्ख दिसत होतं.

"रिकामंच ठेवलंय! नुसता पाना मिरवते!" म्हणत त्यांनी पातेलं हिसक्याने उचलायला घेतलं. पातेलं उचललं गेलं नाही, नुसतं हिंदकळलं. पाणी मात्र उसळलं आणि सासूबाई कोपरापर्यंत भिजल्या.

पाणी हळूहळू निवळलं. ठिगळ पुन्हा वर आलं, एकेका खिळ्यासकट.

"अगं, इकडे ये. हे... भरलेलं आहे?"

"काठोकाठ, आत्या."

पाळण्यात वाकून बघावं तशा दोघी पातेल्यात बघत राहिल्या. वर्षभर ज्याची नुसती खोकल्याची उबळ ऐकली, ते पाणी असं दिसतं, हे पानाबाईलाही ठाऊक नव्हतं.

"जन्मभर पाणी भरलं मी," सासूबाई पुटपुटल्या, "पण भरल्या पातेल्याचं बूड कधी दिसलं नाही गं." मग आणखी वाकून, "किती वाकडं ठोकलंय ह्यांनी!"

त्या वाटीभर पाणी प्यायल्या. डोळे मिटून वाट पाहिली.

"चव नाही बाई अजिबात," म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने नातीचा पेला भरला. मग दारात जाऊन वस्तीला हाळी दिली, "पातेली घेऊन या गं सगळ्या! आपापली ठिगळं बघून घ्या!"