मामाच्या ग्लासातली वाईन

लग्नात दारू वाढू नये, असा ठराव आमच्या चर्चच्या पॅरिश-सभेत यायला निघाला, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला तो काय हात धुवायला, असं मी भर सभेत विचारलं. पिणं पाप नाही, झिंगणं पाप आहे. आणि ख्रिस्ती माणसाला देवाने दिलेली मोकळीक तुम्ही ठराव करून काढून घेणार का? टाळ्या पडल्या. फादर एवढंच म्हणाले की, ज्याने भाऊ अडखळेल ते टाळायलाही आपण मोकळेच असतो. मला ते गुळमुळीत वाटलं. ठराव बारगळला आणि मी शीळ घालत आचोळ्याला घरी आलो.

त्याच वर्षी माझ्या थोरल्या लेकीचं लग्न निघालं. आमच्या घरात रिसेप्शनला टोस्ट म्हणायचा मान मुलीच्या मामाचा, आणि त्याचा ग्लास मुलीच्या बापाने स्वतःच्या हाताने भरायचा. मामाने तो ओठाला लावल्याशिवाय कोणी घोट घ्यायचा नाही. मामा म्हणजे माझा मेहुणा, किनाऱ्यावरच्या गावातला, मासेमारीतला. पिण्यापायी त्याची होडी गेली, दोनदा इस्पितळ झालं, आणि आता चौदा महिने त्याने थेंबालाही शिवलं नव्हतं.

चर्चमधली लग्नाची मिस्सा आटोपल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. "भावोजी, माज्या गलासात कोकमाचं सरबत घाला. रंग तसाच दिसतो. पन कोनाला बोलू नका."

मी हो म्हणालो. खरंच म्हणालो.

पण टेबलाशी आलो तर समोर माझ्याच हातची जांभळाची वाईन, वर्षभर बरणीत राखलेली. मनात आलं, लेकीच्या टोस्टला सरबत? एका घोटाने काय आभाळ कोसळतंय? आणि माणसाने एवढं घाबरून जगायचं तर ती कसली मोकळीक? मी वाईनच भरली. त्याचं आपण भलंच करतोय असंही तेव्हा वाटलं, हे लिहिताना मला लाज वाटते.

तो माइकवर छान बोलला. मग ग्लास ओठापाशी नेला आणि थांबला. त्याला वास आला होता. त्याने ग्लास झटकन खाली घेतला, तशी वाईन मनगटावर सांडली. सगळा हॉल ग्लास उचलून त्याच्याकडे बघत उभा. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पाण्यात पायाखालची वाळू निसटलेला माणूस बघतो तसं. मी जागचा हललो नाही.

हलली ती त्याची बायको. जन्मात जिने दारू तोंडाला लावली नव्हती, तिने त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि सगळ्यांसमोर एका दमात रिकामा केला. तिला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना ती गंमत वाटली. टाळ्या पडल्या, बँड सुरू झाला.

तिने रिकामा ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "भावोजी, यांनी तुमाला सांगितलं नवतं?"

सभा गाजवणारा मी तो ग्लास उचलून बाजूला ठेवायला लागलो. मेहुणा मनगट पुसत मध्ये आला.

"त्यांना कुठं म्हाईत," तो म्हणाला. "मीच सांगायला इसरलो."

आणि मी ते तसंच राहू दिलं.