रूथ हट्ट्याला जायची

रूथला आमच्या चर्चमध्ये येऊ नकोस, असं सांगणारा मीच. ‘पंचांनी ठरवलंय,’ असं म्हणालो होतो. चर्चचा कारभार पाहणारे पंच त्यासाठी कधी बसलेच नव्हते. गेल्या महिन्यात हट्टा गावाहून एस्तरबाईंचा फोन आला, ‘तुमची रूथ गेली.’ मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला.

रूथ माझ्या चुलत्याचं लेकरू. घरात मुलगा म्हणून वाढली. तेव्हाचं नाव इथं लिहीत नाही, तिला ते आवडायचं नाही. मिसरूड फुटायच्या वयात घर सोडून गेली आणि काका वारल्यावर सेनगावला परतली ती साडी नेसून. बसस्टँडजवळ शिलाई मशीन टाकलं. ब्लाऊज इतके नेटके शिवायची की नाकं मुरडणाऱ्या बायकाही माप द्यायला यायच्या. मग एका रविवारी ती उपासनेला आली. आमच्याकडे सतरंजीवर उजवीकडे पुरुष बसतात, डावीकडे बायका, मधे वाट. दारापाशी उभं राहून लोकांना बसवायचं काम माझं. ‘दादा, कुठं बसू?’ तिनं विचारलं. दोन्हीकडची तोंडं आमच्याकडे वळली. मी तिला व्हरांड्यात चपलांपाशी बसवलं. म्हणालो, इथंही ऐकू येतं. काही रविवार ती तिथं बसून गायली. तिचा आवाज आतल्यांच्या वर जायचा. पुढं माझ्या मुलीची सोयरीक जुळत आली, पाहुणे उपासनेला येणार होते, आणि मी ते पंचांचं खोटं सांगितलं.

त्यानंतर ती चर्च शोधत फिरली. रविवारी दुकान बंद, पिशवीत बायबल आणि मिळेल ती जीप. पँट उसवल्याचं निमित्त करून मी तिच्याकडे जायचो. ती मशीन न थांबवता सांगायची. वारंगा फाट्याजवळच्या एका प्रार्थनासभेत तिच्यातलं भूत काढायला तिला धरलं. ‘डोकं असं दाबलं दादा, दोन दिवस मान वळंना. भूत बिचारं आधीच पळालं असंल.’ दुसरीकडे म्हणाले, केस काप, पँट घाल, मग ये. आणखी एका ठिकाणी प्रेमानं आत घेतलं, पण दर रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे येशूनं आपल्याला कसं बदललं ते सांगायला, पुढं उभं करायचे, नव्या माणसांना दाखवायचे. ‘मला नुसतं बसायचंय रे,’ ती म्हणाली. ‘लोकं बसत्यात तसं.’

शेवटी हट्टा. एस्तरबाई निवृत्त नर्स. त्यांच्या पुढच्या खोलीत थोडी माणसं जमायची. खोली एवढीशी की बायका-पुरुष वेगळे बसवणं शक्यच नाही. रूथ उंबऱ्याबाहेर थांबली, तर एस्तरबाई आतून म्हणाल्या, ‘उभी काहून? ये, लसूण सोल. उपासना झाली की समदे जेवत्यात.’ पुढच्याच रविवारी उपासनेतला संदेश, म्हणजे प्रवचन, चालू असताना रूथ भिंतीला टेकून झोपली. कुणी उठवलं नाही. हे सांगताना तिनं मशीन थांबवलं. ‘झोपले, दादा. माणसांत. कोण बघून राहिलं, काय बोलून राहिलं, कायबी ध्यानात न्हाई.’ सेनगावहून हट्टा जवळ नाही. ती बस बदलत जायची आणि संध्याकाळी सुजलेल्या पायांनी परत यायची. आमचं चर्च तिच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर होतं.

पाय प्रवासानं नव्हे, किडनीमुळं सुजत होते, हे फार उशिरा कळलं. दवाखाने झाल्यावर एस्तरबाईंनीच तिला स्वतःच्या घरी नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा ती खाटेवर पडून होती, चेहरा पार उतरलेला. मीही थकलो होतो, इतकी वर्षं ते खोटं सांभाळून...

‘रूथ, ते पंचांचं...’ मी सुरुवात केली.

‘ठाऊक हाय,’ ती म्हणाली. ‘आपल्या चर्चचे पाळकसाहेब सदरा शिवायला आले व्हते. तेच म्हणले, तू येत काहून न्हाईस?’

‘मग आली का नाहीस?’

‘दारात तूच उभा ऱ्हायचास ना. त्यांच्यापुढं तुला खोटं कसं पाडू?’

एस्तरबाई पाणी घेऊन आल्या. माझ्याकडे बघून तांब्या ठेवला आणि आत गेल्या. मी खाली, खाटेपाशी बसलो. ‘कुणीच ठरवलं नव्हतं, रूथ,’ म्हणालो. ‘पोरीच्या सासरच्यांना काय वाटेल म्हणून मीच तुला घालवलं, आणि वर नाव दुसऱ्यांचं घेतलं. माझं चुकलं. मला माफ कर.’