पुसलेला शिक्का

बाबा आलापल्लीच्या लाकूड डेपोत होते. तोडून आणलेल्या सागवानावर हातोड्यानं सरकारी शिक्का मारायचं त्यांचं काम. तोच शिक्का त्यांनी आपल्या चावीच्या मनगटी घड्याळाच्या पाठीवर खिळ्यानं कोरला होता, वेडावाकडा. ते गेल्यावर घड्याळ माझ्याकडं आलं. फार मागं पडायला लागलं, म्हणून मी ते चंद्रपूरला सर्व्हिसिंगला दिलं.

परत घेताना आधी खूशच झालो. चावी देतानाची करकर गेली होती, काटा अडखळत नव्हता. मग घड्याळ उलटं केलं. पाठ आरशासारखी लख्ख! त्यात माझंच तोंड दिसलं.

"तुमाले कोनं सांगतलं होतं घासाले?" मी दुकानातच ओरडलो.

"अवो भाऊ, मांगून लय खरचटली होती ना घडी. मांगून-समोरून पुरीच पॉलिश मारून देली, फुकट!" घड्याळवाला हसत म्हणाला. वर शाबासकीची वाट पाहत उभा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घड्याळ बिघडवलं असतं तर चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. या शहाण्यानं ते दुरुस्त करता करता माझा बाप घासून टाकला.

आता लोक मनगट धरून विचारतात, नवं घेतलं का? डोक्यातच जातं माझ्या. ते वेळ अगदी बरोबर दाखवतं, त्याचाही राग येतो. आमच्याकडं शिक्का नसलेलं सागवान दिसलं की ते चोरीचंच धरतात. बाबांनी हे घड्याळ माझ्या हातावर पाहिलं असतं, तर जप्त केलं असतं.